तरुण की फॉरवर्ड (ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल)

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमध्ये प्रतिस्पर्ध्याच्या गोलखांबांपुढे खेळणारा, हवेतला चेंडू झेलून गोल करणारा उंच खेळाडू म्हणजे की फॉरवर्ड. अठरा-एकोणीस वर्षांचा असा मुलगा पुढे अव्वल दर्जाला पोचेल का, हा प्रश्न ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण आणि पश्चिम भागात वर्षभर चघळला जातो. नोव्हेंबरच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब क्रमाक्रमाने नवे खेळाडू निवडतात त्या कार्यक्रमात, त्याचं नाव पुकारलं की चर्चा सुरू होते, आणि बहुतेक वेळा तो तेविशी-चोविशीचा होईपर्यंत तिला खरं उत्तर मिळत नाही.

हा खेळ मेलबर्नमध्ये जन्मला, तोही क्रिकेटच्या पोटी. टॉम विल्स या क्रिकेटपटूने १८५८ मध्ये वर्तमानपत्राला पत्र लिहून सुचवलं की, हिवाळ्यात क्रिकेटपटूंचं अंग मोकळं राहावं म्हणून एक फुटबॉल क्लब काढावा. पुढच्याच वर्षी नियम लिहिले गेले. मैदान आजही क्रिकेटचंच, लंबवर्तुळाकार असतं. भारतीय प्रेक्षकांना क्रिकेटमुळे माहीत असलेल्या मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवरच एएफएलची, म्हणजे या खेळाच्या सर्वोच्च साखळीची, ग्रँड फायनल (अंतिम सामना) होते. प्रत्येक बाजूला १८ खेळाडू आणि मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधल्या दोन खांबांतून पायाने मारलेला चेंडू गेला तर गोल, म्हणजे ६ गुण. बाजूच्या खांबाजवळच्या फटीतून गेला तर बिहाइंड, म्हणजे १ गुण. किमान १५ मीटरवरून मारलेला चेंडू वाटेत कोणाचा स्पर्श न होता झेलला की त्याला मार्क म्हणतात. मार्क घेणाऱ्याला अडवता येत नाही, आणि गोलच्या टप्प्यात असेल तर निशाणा साधायला त्याला ३० सेकंद मिळतात. या एका नियमामुळे झेल आणि नेम या दोन कलांना इतकं मोल आलं आहे, आणि त्या दोन्ही ज्याच्या अंगी आहेत त्याच्या नावावर लोक तिकिटं काढतात.

या जागेची मोजपट्टी ठरवली ती जॉन कोलमनने. १९४९ मध्ये विसाव्या वर्षी एसेंडन क्लबकडून पहिल्याच सामन्यात त्याने १२ गोल केले आणि पहिल्याच हंगामात शंभरी गाठली. १९५४ मध्ये गुडघा निखळला तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता, आणि तिथेच कारकीर्द संपली. ९८ सामन्यांत ५३७ गोल. साखळी हंगामात सर्वाधिक गोल करणाऱ्याला आज कोलमन पदक मिळतं. त्याचा दुसरा वारसा मात्र जड आहे. पहिल्याच दिवशी बारा गोल करणारा मुलगा प्रत्यक्षात होऊन गेल्यामुळे नंतरच्या प्रत्येक पोराकडून तशीच अपेक्षा धरली गेली. टोनी लॉकेट १९८३ मध्ये सतराव्या वर्षी सेंट किल्डाकडून उतरला आणि १३६० गोलांचा विक्रम करून थांबला. असे खेळाडू अपवाद असतात. त्यांच्यावरून नियम काढणं हा कोवळ्या खेळाडूंवरचा अन्याय आहे.

की फॉरवर्डच्या कामाचा बराचसा भाग चेंडू त्याच्याकडे येण्याआधीच होऊन जातो. चेंडू मध्यभागात आहे आणि फॉरवर्ड गोलपासून वीसेक मीटरवर बचावपटूला खेटून उभा आहे, असं चित्र घ्या. तो दोन पावलं मागे सरकतो, त्यामुळे बचावपटूला वाटतं की चेंडू डोक्यावरून मागे येणार. त्याच क्षणी तो तिरका पुढे सुटतो. याला लीड म्हणतात. मिडफिल्डरने, म्हणजे मधल्या फळीतल्या साथीदाराने, मान वर करून पाहिलं आणि छातीच्या उंचीवर, त्याच्या पुढ्यात चेंडू टाकला, तर हात लांब करून तो झेलायचा, कारण चेंडू अंगावर येऊ दिला तर मागून बचावपटूची मूठ येते. पण मिडफिल्डरने पाहिलंच नाही, तर वळून पुन्हा जागेवर जायचं आणि तेच परत करायचं. एका डावात, म्हणजे सामन्याच्या पाव भागात, असे कितीतरी लीड फुकट जातात. चौथ्या फुकट लीडनंतर पाचवा त्याच वेगाने काढणारा मुलगा पुढे मोठा होण्याची शक्यता बरीच जास्त असते. टीव्हीवर कॅमेरा चेंडूमागे धावतो, त्यामुळे हे दिसत नाही. मैदानात बसून पाहणाऱ्याला मात्र पहिल्या पंधरा मिनिटांत कळतं.

दुसरं काम गर्दीतल्या झेलाचं. चेंडू उंच आणि लोंबकळत येतो, खाली तीन-चार जण जमतात. पाठीत हात लावून ढकललं तर फ्री किक जाते, म्हणून नितंब आणि खांद्याने जागा राखायची आणि चेंडू कुठे पडेल ते सगळ्यांच्या आधी ओळखायचं. ताकद जिममध्ये कमावता येते. पण चेंडूचा प्रवास वाचण्याची नजर बहुतेक करून लहानपणीच आलेली असते. मुलाची पारख करताना मी तरी याच गुणाला सगळ्यात वर ठेवीन.

मग येतो सेट शॉट. मार्क घेतल्यावर सगळं मैदान थांबतं आणि तीस सेकंद तो मुलगा एकटा पडतो. लांबट चेंडू दोन्ही हातांत उभा धरायचा, सरळ रेषेत धावत यायचं, हात खाली नेऊन चेंडू पायाच्या जवळात जवळ सोडायचा. टोकावर बसलेला फटका चेंडूला उलटा फिरवत सरळ नेतो, हा ड्रॉप पंट. चेंडू सोडताना हात थोडा जरी बाजूला गेला तरी चाळीस मीटरवर तो फरक खांबाबाहेर जाण्याएवढा होतो. एसेंडनचा मॅथ्यू लॉइड प्रत्येक शॉटआधी गवताची चिमूट हवेत उडवून वारा पाहायचा. छत बंद असलेल्या स्टेडियममध्येही त्याने ते सोडलं नाही, कारण तिथे त्याला वाऱ्याचा अंदाज नको असायचा, मन जागेवर आणायचं असायचं. त्याने ९२६ गोल केले. ज्या तरुणाची अशी एक ठरलेली रीत बसलेली नसते, तो एका शनिवारी पाच गोल करतो आणि पुढच्या शनिवारी पाच बिहाइंड.

मुलांची पारख होते ती मुख्यतः १८ वर्षांखालील राज्य स्पर्धांत, व्हिक्टोरियात टॅलेंट लीगमध्ये आणि मग ड्राफ्ट कम्बाइन नावाच्या चाचण्यांत. तिथे २० मीटर धाव, उभ्या आणि धावत्या उडीची उंची, चपळाई, दोन किलोमीटरची धाव असं सगळं मोजलं जातं. उंची आणि हातांची लांबीही नोंदवतात. हे आकडे उपयोगी आहेत, पण त्यांत लीडची वेळ मोजता येत नाही आणि घाबरलेल्या बचावपटूऐवजी तयार पुरुष अंगावर आला तर काय होईल, हेही कळत नाही.

ड्राफ्टच्या क्रमांकांचा इतिहास त्यामुळेच वेडावाकडा आहे. २००४ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या लान्स फ्रँकलिनला पहिल्या चार निवडींनंतर हॉथॉर्नने पाचव्या क्रमांकावर घेतलं. डाव्या पायाचा हा मुलगा धाव घेताना अर्धवर्तुळात वळायचा आणि शिस्तप्रिय प्रशिक्षकांना ते खटकायचं. २००८ मध्ये त्याने हंगामात ११३ गोल केले आणि क्लब विजेता ठरला. २५ मार्च २०२२ रोजी सिडनीत त्याचा हजारावा गोल झाला तेव्हा प्रेक्षक हजारोंनी मैदानात धावून आले. २०१३ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला टॉम बॉइड एका हंगामानंतर मोठ्या करारावर वेस्टर्न बुलडॉग्जकडे गेला. २०१६ च्या ग्रँड फायनलमध्ये त्याने ३ गोल केले, त्यातला शेवटच्या डावातला लांबचा गोल निर्णायक होता, आणि क्लबला १९५४ नंतरचं पहिलं विजेतेपद मिळालं. तीनच वर्षांत, तेविसाव्या वर्षी त्याने खेळ सोडला. मानसिक ताणाबद्दल तो उघडपणे बोलला. त्याची कारकीर्द वाया गेली असं म्हणणाऱ्यांशी मी मुळीच सहमत नाही. एका क्लबची बासष्ट वर्षांची प्रतीक्षा संपवायला हातभार लावणं कमी नव्हे. पण अठराव्या वर्षी पहिल्या क्रमांकाचं ओझं पोराच्या खांद्यावर काय करतं, हे त्याच्या गोष्टीतून दिसतं. उलट निक लार्कीला नॉर्थ मेलबर्नने २०१६ मध्ये ७३ व्या क्रमांकावर उचललं आणि २०२३ मध्ये तो ऑल-ऑस्ट्रेलियन संघात, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या संघात, होता.

या जागेवर उशीर का लागतो, याचं साधं कारण शरीरात आहे. अठराव्या वर्षी १९५ सेंटिमीटर उंच असलेल्या मुलाची हाडं अजून भरत असतात आणि समोरचा फुलबॅक, म्हणजे गोलपुढचा मुख्य बचावपटू, सात-आठ वर्षं वजनं उचलून तयार झालेला असतो. ठेंगण्या, चपळ स्मॉल फॉरवर्डचं तसं नसतं. सिरिल रिओली हॉथॉर्नकडून पहिल्याच हंगामात, २००८ मध्ये, विजेत्या संघात होता. उंच मुलांना तेवढ्या वेळात धड अंगही भरत नाही. क्रिकेटमध्ये कोवळ्या वेगवान गोलंदाजांच्या पाठीचं जे होतं, तेच यांच्या पाठीचं, गुडघ्यांचं आणि खांद्यांचं होतं. मॅक्स किंगचा गुडघा ड्राफ्टच्या वर्षातच गेला. तरी सेंट किल्डाने २०१८ मध्ये त्याला चौथ्या क्रमांकावर निवडलं आणि २०२० पर्यंत थांबून खेळवलं. कार्लटनकडून खेळताना चार्ली कर्नोचे ऐन उमेदीतले हंगाम गुडघ्याने खाल्ले, आणि परत आल्यावर त्याने २०२२ व २०२३ अशी लागोपाठ दोन कोलमन पदकं जिंकली.

धीराचं सगळ्यात भरीव उदाहरण जिलाँगचा टॉम हॉकिन्स. त्याचे वडील जॅक याच क्लबचे खेळाडू. वडिलांनी क्लबकडून ठराविक सामने खेळलेले असले तर मुलावर त्या क्लबचा पहिला हक्क असतो, त्या नियमाने टॉम २००६ मध्ये आला. २००७ मध्ये पदार्पणातच गोल केले आणि पुढचा महान फुल फॉरवर्ड (गोलच्या अगदी पुढ्यात खेळणारा की फॉरवर्ड) मिळाला असं जिलाँग शहराने ठरवून टाकलं. मग चार वर्षं तो कधी संघात, कधी दुय्यम संघात. हात मऊ, शरीर मोठं, पण सामन्यातून हरवून जायचा. २०११ च्या मोसमात त्याच्यावरची टीका कडवट झाली होती. त्या वर्षीच्या ग्रँड फायनलमध्ये जेम्स पॉडसिअडलीचा खांदा गेला आणि पुढच्या फळीचा सगळा भार हॉकिन्सवर आला. कॉलिंगवूडचे बचावपटू अंगावर घेऊन त्याने झेल मागून झेल घेतले, ३ गोल केले आणि जिलाँग जिंकलं. पुढच्या वर्षी तो ऑल-ऑस्ट्रेलियन आणि क्लबचा सर्वोत्तम खेळाडू झाला. कोलमन पदक मात्र २०२० मध्ये, बत्तिसाव्या वर्षी मिळालं. निवृत्त होईपर्यंत ३५९ सामने आणि ७९६ गोल. क्लबने २०१० मध्ये त्याला सोडून दिलं असतं तर कोणी फारशी हरकत घेतली नसती.

तरुण फॉरवर्डच्या हातात नसलेली गोष्ट म्हणजे चेंडूचा पुरवठा. मध्यफळी हरत असेल तर चेंडू घाईने, उंच आणि तीन बचावपटूंच्या मधोमध येतो, आणि गोल न झाल्याचा बोल फॉरवर्डला लागतो. त्यात या शतकात बचावाची रीत बदलली. एकास एक पहारा देण्याऐवजी संघ विभाग राखून बचाव करू लागले, मोकळा बचावपटू आडवा येऊन चेंडू हवेतच उचलू लागला. फ्रँकलिननंतर हंगामात शंभर गोल कोणीही केलेले नाहीत. आता साठ गोल ओलांडले तरी कोलमन पदकाच्या शर्यतीत पुढे राहता येतं. लार्कीने २०२३ मध्ये केवळ ३ सामने जिंकलेल्या संघात राहून ७१ गोल केले. माझ्या लेखी ते बलाढ्य संघातल्या ऐंशी गोलांच्या तोडीचे आहेत.

चॅम्पियन डेटा ही आकडेवारी ठेवणारी कंपनी आपापल्या स्थानावरच्या वरच्या दहा टक्के खेळाडूंना एलिट गणते. कोणत्या जागेवरून, कोणत्या कोनातून शॉट मिळाला यावरून अपेक्षित गुणही काढले जातात. तरुणासाठी गोलसंख्येपेक्षा हा हिशेब न्याय्य आहे. जो मुलगा सामन्यागणिक पाच चांगल्या जागा मिळवतो आणि दोनच गोल करतो, त्याचा नेम सुधारता येतो. दोनच जागा मिळवून दोन्ही गोल करणाऱ्याचं कौतुक जास्त होतं, पण त्याची कमतरता दूर करणं अवघड असतं.

उशिरा फळलेल्यांत जेसी होगनचं नाव घ्यावंच लागेल. मेलबर्न क्लबने त्याला सतराव्या वर्षीच करारबद्ध केलं, पाठीच्या दुखण्याने २०१४ चा हंगाम गेला, २०१५ मध्ये तो रायझिंग स्टार, म्हणजे वर्षातला सर्वोत्तम तरुण खेळाडू, ठरला. २०१७ मध्ये वडील वारले आणि त्याच वर्षी त्याला वृषणाच्या कर्करोगाला तोंड द्यावं लागलं. पुढे फ्रीमँटल, तिथून ग्रेटर वेस्टर्न सिडनी. २०२४ चं कोलमन पदक त्याचं होतं, वय २९. त्याच क्लबमध्ये २०२२ च्या ड्राफ्टचा पहिला क्रमांक, आरन कॅडमन, त्याच्या शेजारी खेळत होता. मुख्य बचावपटू होगनला बिलगत असल्याने कॅडमनवर दुसऱ्या फळीचा पहारेकरी यायचा. तरुण की फॉरवर्डला असा मोठा भाऊ मिळणं हे क्लबने करण्यासारखं सगळ्यात शहाणपणाचं काम आहे. ब्रिस्बेनच्या लोगन मॉरिसलाही अनुभवी साथीदारांची तशीच सावली मिळाली. ३१ व्या क्रमांकावर निवडलेला हा मुलगा २०२४ च्या विजेत्या संघात एकोणिसाव्या वर्षी खेळला. वेस्टर्न बुलडॉग्जचा सॅम डार्सी, उंची २०८ सेंटिमीटर, वडील ल्यूक याच क्लबचे, २०२१ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर आला आणि त्यालाही सुरुवातीला अंग भरेपर्यंत बराच काळ दुय्यम संघात राखलं गेलं.

महिलांची एएफएलडब्ल्यू ही स्पर्धा २०१७ मध्ये सुरू झाली. तिथे एका बाजूला १६ खेळाडू असतात, त्यामुळे गोलपुढे जागा थोडी जास्त मिळते आणि लीडचं महत्त्व वाढतं. पहिल्या पिढीतल्या कितीतरी जणी बास्केटबॉलसारख्या दुसऱ्या खेळांतून आल्या होत्या. लहानपणापासून हाच खेळ खेळून आलेल्या मुली आता ड्राफ्टमध्ये दिसतात.