ऑप्टिकल फायबर जोडणीतील सुरक्षितता

ऑप्टिकल फायबर जोडणीतील सुरक्षितता : काचेच्या तंतूंतून प्रकाशाच्या रूपात संदेश नेणारी केबल टाकताना, जोडताना आणि तिच्या टोकांची उपकरणे बसवताना कामगार, ग्राहक आणि उपकरणे यांना इजा होऊ नये म्हणून पाळायच्या पद्धती. लेझर, काचेचे कण, वीज, उंची, जमिनीखालच्या बंद जागा आणि ज्वलनशील द्रव हे सगळे धोके या एकाच कामात एकत्र येतात. उपकरणांवर लेझरचा इशारा सर्वांत ठळक छापलेला असतो. घरोघरी जोडण्या देणाऱ्या माणसाने मात्र विजेचा खांब, शिडी आणि काचेचे कण यांना त्याहून जास्त भ्यायला हवे.

भारतात हे तंत्र पहिल्यांदा पुण्यात वापरात आले. स्थानिक टेलिफोन केंद्रांना जोडणारी देशातील पहिली ऑप्टिकल फायबर यंत्रणा तेथे १९७९ मध्ये सुरू झाली. पुढे बराच काळ हे काम दूरसंचार खात्यातील निवडक, प्रशिक्षित लोकांकडे राहिले. २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे ‘भारतनेट’ या नावाने ओळखल्या गेलेल्या योजनेने केबल ग्रामपंचायतींच्या दारापर्यंत नेली. त्याच सुमारास शहरांत घरोघरी फायबर पोचू लागले. आज स्प्लायसिंग, म्हणजे तंतूंची टोके वितळवून जोडण्याचे काम, करणाऱ्या अनेकांची सुरुवात केबल टीव्हीच्या जाळ्यात झालेली आहे. हाताला सराव असतो, पण नियम कोणी शिकवलेले नसतात.

अदृश्य प्रकाश : फायबरमधील प्रकाश अवरक्त असतो. घरगुती जोडणीत ऑपरेटरकडील यंत्राकडून, म्हणजे ओएलटीकडून, १४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश येतो आणि घरातील यंत्राकडून, म्हणजे ओएनटीकडून, १३१० नॅनोमीटरचा परत जातो. केबल टीव्हीचे प्रक्षेपण त्याच तारेतून १५५० नॅनोमीटरवर पाठवता येते. माणसाच्या डोळ्याला यांतले काहीच दिसत नाही, त्यामुळे तीव्र उजेडाला डोळा आपोआप मिटतो ते संरक्षण येथे मिळत नाही. सुमारे १४०० नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश डोळ्याचे भिंग दृष्टिपटलावर केंद्रित करते. त्यापुढचा प्रकाश बहुतांशी डोळ्याच्या पुढच्या भागात, मुख्यतः स्वच्छमंडलात शोषला जातो. दृष्टिपटलाला वेदना जाणवत नसल्याने तेथील इजा दुखत नाही आणि काही काळ लक्षातही येत नाही.

तार ‘चालू’ आहे का हे मोबाइलच्या कॅमेऱ्याने पाहण्याची सवय अनेकांना आहे. टीव्हीच्या रिमोटचा प्रकाश कॅमेऱ्यात चमकतो, तेथून ही युक्ती आली असावी. पण मोबाइलमधील सिलिकॉनचा संवेदक सुमारे ११०० नॅनोमीटरच्या पुढे आंधळा असतो. १३१० किंवा १५५०चा प्रकाश त्यात दिसत नाही, आणि काही दिसले नाही म्हणून तार मृत समजणे चुकीचे ठरते. तार तपासण्याचा खात्रीचा मार्ग एकच, प्रकाशाची शक्ती मोजणारा पॉवर मीटर. तो लावेपर्यंत प्रत्येक टोक चालू आहे असेच धरायचे असते.

हा धोका सगळीकडे सारखा नसतो. ओएलटीच्या सामान्य प्रकारातून १.५ ते ५ डीबीएम (प्रकाशाच्या शक्तीचे एक माप), म्हणजे साधारण दीड ते तीन मिलिवॉट प्रकाश निघतो. तो ३२ घरांत विभागला गेला की ग्राहकाच्या भिंतीपाशी −२० डीबीएमच्या आसपास उरतो. हा एका मिलिवॉटचा शंभरावा भाग झाला, आणि त्याने डोळ्याला इजा होत नाही. खरी काळजी ऑपरेटरच्या खोलीतील, प्रकाशाची शक्ती वाढवणाऱ्या ऑप्टिकल ॲम्प्लिफायरपाशी घ्यावी लागते. टीव्हीचे प्रक्षेपण शेकडो घरांत वाटण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या या यंत्राच्या एका तोंडातून २० डीबीएम, म्हणजे १०० मिलिवॉट निघणे नेहमीचे आहे. आंतरराष्ट्रीय विद्युत तंत्र आयोगाच्या ६०८२५ या मानकानुसार १५५० नॅनोमीटरला वर्ग १ची, म्हणजे नेहमीच्या वापरात निर्धोक मानलेल्या प्रकाशाची, सर्वसाधारण मर्यादा १० मिलिवॉट आहे. लांब पल्ल्याच्या मार्गांवरील रामन ॲम्प्लिफायरला शक्ती पुरवणारे पंप लेझर तर कित्येक शे मिलिवॉटचे असतात.

तार मध्येच तुटली तर प्रकाश आपोआप बंद किंवा कमी व्हावा, अशी सोय दुतर्फी मार्गांवर केलेली असते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.६६४ या शिफारशीत तिचे वर्णन आहे. उलट दिशेने येणारा प्रकाश थांबला यावरून यंत्राला तुटीचा सुगावा लागतो. टीव्हीचे प्रक्षेपण एकतर्फी असते. पुढे तार उघडी पडली तरी त्या ॲम्प्लिफायरला ते कळण्याची सोय बहुधा नसते आणि तो पूर्ण जोमाने प्रकाश ओतत राहतो. गल्लीबोळांतील जाळ्यांत हीच जागा सर्वांत दुर्लक्षित आहे. तेथील पॅचकॉर्ड (यंत्राला जोडलेली छोटी केबल) काढण्याआधी यंत्र बंद करणे, रिकाम्या तोंडांवर टोपणे ठेवणे आणि कोणत्या तोंडातून किती प्रकाश निघतो ते यंत्रावरच लिहून ठेवणे, एवढे केले तरी बरेच साधते.

सिंगल मोड, म्हणजे अगदी बारीक गाभ्याच्या, तंतूतून बाहेर पडलेला प्रकाश शंकूसारखा पसरतो. टोकापासून २५ सेंटिमीटरवर त्याचा व्यास चार-पाच सेंटिमीटर झालेला असतो आणि तीव्रता झपाट्याने घटलेली असते. म्हणून टोक हातभर दूर आणि चेहऱ्यापासून वळवून धरण्याच्या नियमाला अर्थ आहे. भिंग किंवा सूक्ष्मदर्शक मध्ये आला की हे संरक्षण संपते, कारण पसरलेला प्रकाश गोळा होऊन पुन्हा बुबुळात शिरतो. कनेक्टरचे टोक तपासायला डोळा लावायच्या सूक्ष्मदर्शकाऐवजी पडद्यावर चित्र दाखवणारा प्रोब वापरणे याच कारणाने श्रेयस्कर. तो नसेल तर अवरक्त गाळणी असलेलेच उपकरण घ्यावे, आणि तेही तार मृत असल्याची मीटरने खात्री झाल्यावर.

तुटीची जागा शोधायच्या लाल पेनाचा, म्हणजे बोलीतल्या ‘लाल लाइट’चा, प्रकाश सुमारे ६५० नॅनोमीटरचा आणि दिसणारा असतो. १ मिलिवॉटच्या आतील पेन वर्ग २ मध्ये येतो. पापणी मिटेपर्यंतच्या क्षणात त्याने इजा होत नाही. बाजारात १० आणि ३० मिलिवॉटचेही पेन मिळतात आणि लांबवर दिसतात म्हणून तेच खपतात. त्यांना ही सवलत लागू नाही. पेन लावण्याआधी दुसऱ्या टोकाला बसलेल्या सोबत्याला फोन करावा.

काचेचे कण : तंतूचा व्यास आवरणासह २५० मायक्रोमीटर आणि सोलल्यावर १२५ मायक्रोमीटर असतो. क्लीव्हरने, म्हणजे तंतू कापायच्या हत्याराने, कापताना उडणारा तुकडा पारदर्शक, टोकदार आणि इतका हलका असतो की पंख्याच्या वाऱ्याने सरकतो. तो त्वचेत शिरतो, आणि दाबून काढायला गेले की आतच मोडतो. बोटाला लागून डोळ्यात किंवा तोंडात गेला तर प्रकरण आणखी गंभीर होते. म्हणून बाजूंनीही झाकणारा चष्मा, गडद रंगाची चटई, तुकडे टाकायला झाकणाची डबी आणि पडलेला कण उचलायला चिकटपट्टी हे सामान स्प्लायसरइतकेच गरजेचे आहे. कामाच्या टेबलावर चहा-वडापाव ठेवू नये. हात साबणाने धुतल्याशिवाय डोळे चोळू नयेत आणि कॉन्टॅक्ट लेन्सला हात लावू नये.

ग्राहकाच्या घरात हा नियम दुप्पट कडक हवा. घरात येणाऱ्या ड्रॉप केबलला कनेक्टर बसवताना कापलेले तुकडे टीव्हीच्या कपाटामागे पडतात. आपल्याकडे लोक जमिनीवर बसतात, जेवतात, झोपतात आणि मुले त्याच फरशीवर रांगतात. केरसुणीने हे कण जात नाहीत, उलट पसरतात. काम वर्तमानपत्रावर किंवा चटईवर करणे, पंखा बंद ठेवणे आणि शेवटी चिकटपट्टीने जागा टिपून तुकड्यांची डबी आपल्यासोबत परत नेणे, ही जबाबदारी जोडणी देणाऱ्याची आहे. तो निघून गेल्यावर घरच्यांना यातले काहीच दिसणार नसते.

वीज आणि उंची : ‘फायबरमध्ये करंट नसतो’ हे वाक्य या धंद्यात सर्रास ऐकू येते आणि ते अर्धेच खरे आहे. काच वीजवाहक नाही. केबल असू शकते. घरापर्यंतच्या चपट्या ड्रॉप केबलला बहुधा पोलादी आधारतार असते, जमिनीत पुरायच्या चिलखती केबलला धातूचे कवच असते. गच्चीवरून गच्चीवर केबल फेकताना ती ११ केव्हीच्या उघड्या तारेला लागली, किंवा सैल पडून नंतर त्या तारेवर टेकली, तर पोलादी तार वीज थेट हातात किंवा ग्राहकाच्या घरात आणते. पावसाळ्यात भिजलेला बांबू आणि ॲल्युमिनियमची शिडी यांचा धोकाही तेवढाच मोठा आहे. पथदिव्याच्या खांबात गळती असू शकते, म्हणून हात लावण्याआधी टेस्टरने पाहावे. वीज कंपनीच्या खांबावर तिच्या परवानगीशिवाय चढूच नये. केबलमधील धातूचे भाग इमारतीत शिरण्याआधी भूयोजित (अर्थिंग) करणे किंवा तोडून वेगळे करणे आवश्यक असते. विजा कडाडण्याच्या दिवसांत त्याचे महत्त्व कळते. जेथे शक्य असेल तेथे संपूर्ण अधातू केबल वापरणे हा यावरचा सर्वांत साधा उपाय. पूर्ण शरीराचा पट्टा आणि हेल्मेट यांबद्दल वेगळे सांगायला नको, पण पट्टा कशाला अडकवला आहे हे पाहायला हवे. गंजलेल्या गच्चीच्या कठड्याला अडकवलेला पट्टा निरुपयोगी असतो.

जमिनीखालचे काम : दूरसंचार खात्याच्या पद्धतीत डक्ट, म्हणजे केबलची नळी, सामान्य जमिनीत १.६५ मीटर खोल टाकतात. एवढ्या खोल, अरुंद चरात काळी माती पाऊस पडला की उभी राहत नाही; आत माणूस असेल तर बाजूंना आधार हवाच. यंत्राने आडवे भोक पाडताना वीज केबल किंवा गॅसची नळी लागण्याची भीती असते. खोदण्यापूर्वी संबंधित संस्थांना कळवता यावे म्हणून केंद्र सरकारने २२ मार्च २०२३ रोजी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू केले.

चेंबरमध्ये, म्हणजे केबलच्या जमिनीखालच्या बंद खोलीत, साचलेला मिथेन पेट घेऊ शकतो आणि हायड्रोजन सल्फाइड जीव घेतो. या दुसऱ्या वायूचा कुजका वास सुरुवातीला येतो, पण प्रमाण वाढल्यावर नाक बधिर होऊन तो येईनासा होतो. त्यामुळे ‘वास गेला, आता उतरा’ हा निष्कर्ष घातक आहे. झाकण उघडून हवा खेळती करणे, वायुमापकाने ऑक्सिजन किमान १९.५ टक्के असल्याचे पाहणे आणि वर एक माणूस उभा ठेवणे हा क्रम मोडू नये. आतला बेशुद्ध पडला तर वरच्याने तसेच आत उडी मारायची नसते. स्प्लायसर विजेच्या ठिणगीने काच वितळवतो, म्हणून तो चेंबरमध्ये लावायचा नाही. केबलचे वेटोळे जादा सोडलेले असते ते याचसाठी; टोके वर गाडीत किंवा तंबूत आणून जोडतात. तंतू पुसायच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटलीही ठिणगीपासून लांब आणि झाकलेली असावी. त्याची ज्योत भर उन्हात नीट दिसत नाही.

उपकरणांची खोली : दूरसंचार उपकरणे बहुधा −४८ व्होल्टच्या एकदिश विजेवर चालतात. या दाबाने जोराचा धक्का सहसा बसत नाही, त्यामुळे लोक गाफील राहतात. पण बॅटऱ्यांच्या संचाच्या दोन टोकांत पाना अडकला तर शेकडो अँपिअर वाहून धातू वितळतो. अंगठी, कडे, घड्याळ काढूनच काम करावे आणि पान्याच्या दांड्याला पट्टी गुंडाळावी. रॅकला अनेकदा दोन स्वतंत्र पुरवठे दिलेले असतात. एक बंद केला म्हणजे रॅक मृत झाला असे नाही. कार्डे हाताळताना मनगटाला भूयोजनाचा पट्टा बांधतात. केबल ओढताना तिच्या व्यासाच्या २० पटीहून आणि बसवल्यावर १० पटीहून कमी त्रिज्येत वाकवू नये.

प्रथमोपचार : त्वचेत शिरलेला कण भिंगाखाली बारीक चिमट्याने, दाब न देता काढावा. डोळ्यात गेला तर न चोळता स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच नेत्रतज्ज्ञाकडे जावे. तीव्र प्रकाश डोळ्यात गेल्याची शंका असेल तर दुखत नसले तरी त्याच दिवशी तपासणी करून घ्यावी, आणि डॉक्टरांना दाखवण्यासाठी त्या यंत्रावरील तरंगलांबी, शक्ती आणि लेझरचा वर्ग यांची नोंद सोबत न्यावी.