नागपुरात पोलिसावर विभागीय चौकशी कोण लावू शकतो? अधिकार, अर्ज आणि कागदपत्रे

‘त्याले आजच्या आज सस्पेंड करा’ असा अर्ज ठाणेदाराच्या टेबलावर ठेवून काही साधत नाही. आपल्या ठाण्यातल्या शिपायाला बडतर्फ करणे किंवा त्याची वेतनवाढ रोखणे ठाणेदाराच्या हातात नसते. तो फार तर कसुरी अहवाल, म्हणजे चुकीचा लेखी अहवाल, वर पाठवतो. म्हणून विभागीय चौकशीचा, म्हणजे खात्यांतर्गत शिस्तभंगाच्या चौकशीचा, अर्ज लिहिण्याआधी दोन गोष्टी पक्क्या करा: संबंधित पोलिसाचा हुद्दा काय आणि तो कोणत्या घटकात (शहर, ग्रामीण की रेल्वे) नेमणुकीला आहे.

नागपुरात घटकाचाच घोळ जास्त होतो. शहराला पोलीस आयुक्त आहेत आणि जिल्ह्याच्या बाकी भागाला नागपूर ग्रामीणचे पोलीस अधीक्षक. काटोल, उमरेड, रामटेक, सावनेर ग्रामीणमध्ये येतात. कामठी मात्र तालुक्याचे गाव असूनही तिथली नवी आणि जुनी, दोन्ही ठाणी आयुक्तालयाखाली आहेत. रेल्वे स्टेशनवरचा प्रकार असेल तर लोहमार्ग पोलीस अधीक्षक वेगळे. चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव’ असा शेरा घेऊन टपालात फिरत राहतो.

अधिकार कोणाला?

शिपायापासून निरीक्षकापर्यंत महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चे कलम २५ लागू होते. ग्रामीणमध्ये निरीक्षकाच्या खालच्या दर्जाच्या पोलिसाला अधीक्षक शिक्षा करू शकतात. निरीक्षकाला मात्र ते चौकशीपुरते निलंबित करू शकतात, शिक्षा वरून होते, म्हणजे विशेष पोलीस महानिरीक्षकांच्या पातळीवरून. शहरात निरीक्षकाचा निर्णय आयुक्त, सहआयुक्त किंवा अपर आयुक्त घेतात. शिपाई-हवालदारांची फाइल बहुतेक वेळा उपायुक्तांकडेच निकाली निघते.

सहायक आयुक्त किंवा उपअधीक्षक झाले की नियम बदलतात. त्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ लागतात आणि निर्णय शासनाचा असतो. आयपीएस अधिकाऱ्यांसाठी अखिल भारतीय सेवांचे १९६९ चे नियम आहेत. राज्यात काम करणाऱ्या आयपीएसवर चौकशी राज्य सरकार सुरू करू शकते, पण त्याला घरी पाठवायचे तर केंद्राचाच आदेश लागतो.

लावणारा, करणारा, शिक्षा देणारा

हे तिघे एकच असावे लागत नाहीत, आणि बहुतेक वाद इथेच होतात. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३११ नुसार नेमणूक करणाऱ्यापेक्षा खालच्या दर्जाचा अधिकारी बडतर्फ करू शकत नाही किंवा सेवेतून काढून टाकू शकत नाही. त्यावरून बरेच जण समजतात की चौकशीचे दोषारोपपत्रही (आरोपांचा लेखी कागद) त्याच दर्जाच्या अधिकाऱ्याचे हवे. तसे नाही. तामिळनाडू पोलिसांच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली सांगितले की, नियमांत उलट तरतूद नसेल तर कमी अधिकाराचा वरिष्ठही चौकशी सुरू करू शकतो. अंतिम आदेशावरची सही तेवढी सक्षम अधिकाऱ्याची हवी.

चौकशी अधिकाऱ्याबाबत मात्र ढिलाई चालत नाही. उत्तर प्रदेशातल्या एका हवालदाराच्या प्रकरणात चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने स्वतःच साक्षही दिली होती. बडतर्फीचा आदेश राज्यघटना लागू होण्याआधीचा असल्याने तो रद्द झाला नाही, पण अशी चौकशी नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली म्हटले. ज्याने छापा घातला किंवा ज्याची तक्रार आहे, त्याच्याकडेच चौकशी आली असेल तर आरोप असलेल्या पोलिसाने पहिल्याच तारखेला लेखी हरकत नोंदवावी. निकाल लागल्यावर बोंब मारण्यात अर्थ नाही.

निलंबन म्हणजे शिक्षा नव्हे, आणि ‘कंट्रोलला जमा’ केले, म्हणजे ठाण्यातून काढून नियंत्रण कक्षात बसवले, तर ती नाहीच. पेपरात ‘तडकाफडकी उचलबांगडी’ छापून येते, लोक समाधानी होतात आणि चौकशीचे काय झाले हे कोणी विचारत नाही.

नागरिकाने काय जोडावे?

अर्ज कोणीही करू शकतो. त्यात घटनेची तारीख, वेळ, ठिकाण आणि पोलिसाचे नाव द्या. नाव माहीत नसेल तर बक्कल नंबर (पोलिसाचा ओळख क्रमांक), तोही नसेल तर गाडीचा क्रमांक आणि वर्णन चालते. मारहाण झाली असेल तर मेयो किंवा मेडिकल या सरकारी रुग्णालयातला वैद्यकीय कागद, शिवाय साक्षीदारांची नावे, स्वतःचे ओळखपत्र आणि शक्यतो शपथपत्र जोडा. ठाण्यातला सीसीटीव्ही जपून ठेवावा अशी मागणी त्याच अर्जात करा. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हे चित्रीकरण १८ महिने, ते शक्यच नसेल तर किमान एक वर्ष ठेवायला सांगितले आहे. अर्ज आवक विभागात द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का व क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

आधी प्राथमिक चौकशी होते, मग तथ्य वाटले तर विभागीय. तिथे तुम्ही पक्षकार नसता, साक्षीदार असता. समोर ज्याच्याविरुद्ध तक्रार केली तो बसलेला, त्याच्या बाजूचा बचाव सहायक ‘तुम्ही तेव्हा दारू प्यायला होता का?’ असे उलटतपासात विचारतो. इथेच अनेक तक्रारदार गळतात. साक्षीला कोणी आलेच नाही तर आरोप सिद्ध होणे अवघड.

पोलिसांची चौकशी पोलिसांनीच करावी हे पटत नसेल, तर २०१४ च्या दुरुस्तीने कायद्यात आलेले पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. निरीक्षकापर्यंतच्या तक्रारी विभागीय (प्रादेशिक) पातळीवर, त्यावरच्या राज्य पातळीवर. कोठडीतील मृत्यू, गंभीर दुखापत, बेकायदा अटक, खंडणी, जमीन किंवा घर बळकावणे असे विषय त्याच्या कक्षेत येतात. पीडित व्यक्ती, तिचे कुटुंबीय किंवा तिच्या वतीने दुसरे कोणीही तक्रार करू शकते. प्राधिकरण स्वतः शिक्षा देत नाही, त्याचा अहवाल शासनाकडे जातो.

पोलीस कर्मचाऱ्यासाठी

दोषारोपपत्रासोबत कागदपत्रांची आणि साक्षीदारांची यादी आली का ते पाहा. नसेल तर लेखी मागा. चौकशी अहवालाची प्रत मिळणे हा १९९३ पासून ठरलेला हक्क आहे. शिक्षेविरुद्ध आधी खात्यात अपील करा. ते फेटाळले गेले, किंवा सहा महिने उत्तरच आले नाही, तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या नागपूर खंडपीठात जाता येते. अंतिम आदेशापासून मुदत एक वर्षाची. निवृत्तीनंतर नव्याने चौकशी लावायची तर शासनाची मंजुरी लागते आणि घटना चार वर्षांहून जुनी चालत नाही.