मेकफाइलींकडून रस्टकडे: एका कम्पायलरच्या चाचण्यांची पार्श्वभूमी

हिंगणघाट तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयात दर रविवारी सात-आठ मुले-मुली रस्ट ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला जमतात. त्यांपैकी एकीने गेल्या पावसाळ्यात रस्टच्या कम्पायलरसाठी (लिहिलेल्या प्रोग्रामचे यंत्राला चालवता येईल अशा रूपात भाषांतर करणाऱ्या साधनासाठी) एक छोटी चाचणी लिहायला घेतली आणि कुठल्याशा जुन्या लेखातील नमुना समोर ठेवून तिची मेकफाइल, म्हणजे मेक या साधनाला द्यायच्या आज्ञांची फाइल, तयार केली. मेकफाइलीत तशी चूक काही नव्हती, पण अशा चाचण्या चालवणारी यंत्रणाच रस्टच्या प्रकल्पातून काढून टाकण्यात आली होती. "भाऊ, मग मेक बेकारच होतं का?" असे तिने विचारले. त्याचे उत्तर 'नाही' असे आहे; मात्र ते का, हे सांगायचे तर 1976 पासून सुरुवात करावी लागते.

त्या वर्षी बेल लॅब्स या अमेरिकेतील संशोधन संस्थेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी मेक लिहिले. निमित्त साधे होते. त्यांच्या एका सहकाऱ्याची अख्खी सकाळ एक दोष शोधण्यात गेली होती आणि तो दोष प्रोग्राममध्ये मुळी उरलेलाच नव्हता. दुरुस्ती झालेली होती, पण ती फाइल पुन्हा कम्पाइल करायची राहून गेल्याने जुनाच तुकडा जोडला जात होता. कोणती फाइल कोणत्या फाइलीवर अवलंबून आहे हे एकदा लिहून ठेवावे आणि वेळेची नोंद पाहून जेवढे जुने झाले तेवढेच पुन्हा घडवावे, ही मेकची मूळ कल्पना. या कामासाठी ते इतके चपखल बसले की पुढे 2003 मध्ये फेल्डमन यांना एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या संस्थेचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला. मेकफाइलीत आज्ञेच्या ओळीआधी टॅबच हवा, स्पेस चालत नाही, हा शिकणाऱ्याला रडवणारा नियमही त्याच दिवसांतला आहे. तो अडचणीचा ठरतो आहे हे लवकरच ध्यानात आले होते. पण तोवर दहा-बारा जण मेक वापरू लागले होते आणि त्यांच्या फाइली मोडायला नकोत म्हणून नियम तसाच राहू दिला गेला. दहा-बारा लोकांच्या सोयीसाठी राखलेली ती गोष्ट पुढे लाखोंनी सोसली.

रस्टचा जन्म याच परंपरेत झाला. ग्रेडन होर यांनी 2006 च्या सुमारास स्वतःच्या हौसेखातर सुरू केलेल्या या भाषेला 2009 मध्ये फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाचा आधार मिळाला. तिचा पहिला कम्पायलर ओकॅमल भाषेत लिहिलेला होता आणि 2011 मध्ये रस्टचा कम्पायलर रस्टमध्येच लिहिलेल्या कम्पायलरने घडू लागला. हे सगळे घडवून आणणारी बांधणीची व्यवस्था मात्र मेकफाइलींचीच होती, जी त्या काळी सी भाषेच्या मुशीत वाढलेल्या कोणत्याही प्रकल्पाची असे.

कम्पायलरच्या बहुतेक चाचण्यांना मेकची गरज नसते. एक फाइल द्यायची, कम्पायलर काय म्हणतो ते पाहायचे आणि अपेक्षित उत्तराशी ताडून घ्यायचे, एवढ्यावर काम भागते. काही चाचण्या मात्र अशा एका घासात मावत नाहीत. आधी एक लायब्ररी (इतर प्रोग्रामांना वापरता येणारा तयार कोड) घडवायची, ती सी भाषेतील तुकड्याशी जोडायची, तयार झालेला प्रोग्राम चालवायचा, मग एखादी फाइल मुद्दाम पुसून तोच क्रम पुन्हा करायचा आणि शेवटी फोल्डरमध्ये काय उरले ते मोजायचे, अशा अनेक पायऱ्यांच्या चाचण्यांसाठी 'रन-मेक' नावाचे वेगळे दालन उघडले गेले. तेथे प्रत्येक चाचणीला स्वतःचे फोल्डर आणि त्या फोल्डरात एक मेकफाइल असे. माझ्या मते खरी गफलत येथेच झाली, कारण मेकचे बलस्थान असलेले अवलंबित्वाचे गणित या चाचण्यांत जवळजवळ कुठेच वापरले जात नव्हते. एकामागून एक शेलच्या (टाइप केलेल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) आज्ञा चालवणारा हरकाम्या, एवढीच मेकची भूमिका उरली होती.

आणि त्या कामासाठी मेक अडचणीचेच आहे. मेक प्रत्येक ओळ वेगळ्या शेलमध्ये चालवते, त्यामुळे एका ओळीत फोल्डर बदलले तरी पुढच्या ओळीला त्याचा पत्ता नसतो. डॉलरचे चिन्ह मेक स्वतःकडे ओढून घेते, म्हणून शेलसाठी ते दोनदा लिहावे लागते. हे सगळे सवयीने जमते, पण खरा धोका वेगळ्याच जागी दडलेला होता आणि तो नीट समजण्यासाठी एकच चाचणी जवळून पाहू.

एखादा चुकीचा प्रोग्राम कम्पायलरने नाकारलाच पाहिजे, अशी चाचणी आहे असे समजा. जुन्या पद्धतीत त्याची ओळ अशी असे: कम्पायलर चालव, तो यशस्वी झाला तर एक हा कोड देऊन बाहेर पड, म्हणजे चाचणी नापास, नाहीतर शून्य देऊन बाहेर पड, म्हणजे पास. वाचायला सरळ वाटणाऱ्या या ओळीत 'नाहीतर' या शब्दाखाली काहीही खपते. कम्पायलरने प्रोग्राममधील चूक ओळखून तो नाकारला, तर पास. आज्ञेतील एखाद्या फ्लॅगचे, म्हणजे तिला जोडलेल्या पर्यायाचे, स्पेलिंग चुकल्यामुळे तो थांबला, तरी पास. फाइलच सापडली नाही, तरी पास. इतकेच काय, कम्पायलरचा पत्ता चुकून तो सुरूच झाला नाही, तरी शेल त्याला अपयश मानते आणि चाचणी हिरवी, म्हणजे पास झालेली, दिसते. आमच्याकडे कापसाची गाडी केंद्रावर आली की ग्रेडर ओलावा मोजतो. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, त्यापुढे बारा टक्क्यांपर्यंत कपात आणि त्याहून जास्त असेल तर गाडी परत. मीटरचा सेल उतरून काटा जागचा हललाच नाही आणि कोणी 'ओलावा शून्य' असे लिहून घेतले, तर शेतकरी त्या दिवशी खूश होईल. पण त्याला कोणी मोजमाप म्हणणार नाही.

दुसरी खोट पाइपची, म्हणजे एका आज्ञेचे उत्तर थेट दुसरीकडे पोचवणाऱ्या जोडणीची. कम्पायलरचा निरोप ग्रेप या शब्द शोधणाऱ्या आज्ञेकडे पाठवून त्यात हवा तो शब्द आहे का हे पाहणे ही नेहमीची रीत होती. पण वेगळे काही सांगितले नसेल, तर पाइपमधील शेवटच्या आज्ञेचाच निकाल शेल धरते, त्यामुळे शब्द छापून झाल्यावर कम्पायलर कोसळला तरी ते लपून राहू शकते. उलट, शब्द सापडताच ग्रेपने दार लावून घेतले, तर पुढे लिहू पाहणारा कम्पायलर तुटलेल्या पाइपवर अडखळतो. हे टाळण्यासाठी, सगळा निरोप वाचून तो छापणारी आणि मगच शोध घेणारी एक वेगळी शेल स्क्रिप्ट प्रकल्पात ठेवावी लागली होती.

तिसरी अडचण आमच्यासारख्यांना अधिक जवळची. तालुक्याच्या संगणक वर्गात काय किंवा घरी घेतलेल्या जुन्या लॅपटॉपवर काय, विंडोज असते. विंडोजवर मेक, ग्रेप आणि युनिक्सचा शेल आपोआप येत नाहीत; त्यांच्यासाठी एमसिसटू असा वेगळा सरंजाम उतरवून घ्यावा लागतो, आणि तोही मोबाइलच्या डेटावर. शिवाय विंडोज, मॅक आणि लिनक्स यांवर लायब्ररीच्या फाइलींची नावे वेगवेगळी असल्याने मेकफाइली 'जर-तर'च्या फांद्यांनी भरून गेल्या होत्या. पुष्कळ चाचण्यांच्या डोक्यावर तर 'विंडोजवर चालवू नये' अशी चिठ्ठीच चिकटवलेली असे, आणि तिचे कारण क्वचितच नोंदवलेले असे.

खुद्द कम्पायलरची बांधणी त्याआधीच मेकपासून सुटली होती. फेब्रुवारी 2017 मध्ये आलेल्या रस्ट 1.15 पासून कार्गो या रस्टच्या बांधणी-साधनाच्या आधाराने रस्टमध्येच लिहिलेली नवी व्यवस्था रुळली आणि जुन्या मेकफाइली निघून गेल्या. या चाचण्या तेवढ्या मागे राहिल्या. संख्या तीनशेहून अधिक, बऱ्याचशा कोणा एकेकाळच्या योगदात्याने एखाद्या दोषापायी लिहिलेल्या, आणि चालत्या गाड्याला खीळ कोण घालणार! इतर कम्पायलरांनी आपापले मार्ग आधीच काढले होते: जीसीसी डेजाग्नू या चाचणी-चौकटीवर चालत आले आहे आणि एलएलव्हीएमचे लिट हे चाचणी-साधन पायथनमध्ये लिहिलेले आहे. रस्टने स्वतःचीच भाषा निवडली.

2024 च्या सुरुवातीला त्यासाठीची पायाभरणी झाली. चाचण्यांना लागणारी नेहमीची कामे करणारी एक सहायक लायब्ररी तयार झाली आणि नमुन्यादाखल दोन चाचण्या रस्टमध्ये आणल्या गेल्या. पाठोपाठ उरलेल्या मेकफाइलींची यादी करून, यादीबाहेरची नवी मेकफाइल दिसली की तपासणीच नापास करायची, अशी सोय केली गेली. मला या सगळ्यात ही युक्ती सर्वांत शहाणपणाची वाटते, कारण तिच्यामुळे यादी फक्त आखूडच होऊ शकत होती. त्या वर्षीच्या गूगल समर ऑफ कोड या, नवशिक्यांना मुक्त सॉफ्टवेअरच्या कामात आणणाऱ्या उपक्रमात रस्टने हे स्थलांतर एक स्वतंत्र प्रकल्प म्हणून घेतले आणि बहुतांश काम त्यातून मार्गी लागले. हे काम नुसते ओळीला ओळ बदलण्याचे नव्हते. ही चाचणी नेमके काय तपासते, हा प्रश्न प्रत्येक फोल्डरला नव्याने विचारावा लागला. काही चाचण्यांना अनेक पायऱ्यांची गरजच नसल्याचे दिसून आले आणि त्या एका फाइलीच्या साध्या चाचण्यांत गेल्या.

येथे एक शंका रास्त आहे. ज्या कम्पायलरची परीक्षा घ्यायची, त्याच्याच भाषेत प्रश्नपत्रिका कशी काढायची? त्याचे उत्तर असे की चाचणीची फाइल नव्या, परीक्षेला बसलेल्या कम्पायलरने कम्पाइल केली जात नाही. ते काम आधीच्या बीटा, म्हणजे प्रसिद्धीपूर्व चाचणीतील, आवृत्तीकडे असते, जिने नवा कम्पायलर घडवण्याची सुरुवात होते. याची किंमत मोजावी लागते, कारण प्रत्येक चाचणी चालण्याआधी ती कम्पाइल होण्याची वाट पाहावी लागते. त्या बदल्यात आज्ञा सुरूच होऊ शकली नाही तर चाचणी तेथेच कोसळते, आणि अपेक्षेविरुद्ध काही घडले तर कोणत्या ओळीवर काय झाले हे कम्पायलरच्या पूर्ण निरोपासह छापले जाते. चुकीच्या कारणाने आलेले अपयश रस्टमध्येही खपू शकते. 'अपयशी व्हायला हवे' एवढेच सांगून थांबू नये, निरोपातील मजकूरही ताडून पाहावा लागतो.

2025 मध्ये मेकफाइली चालवणारा उरलासुरला भाग काढून टाकण्यात आला. दालनाचे नाव मात्र अजून 'रन-मेक' असेच आहे, जसे टांगे जाऊन जमाना लोटला तरी गावोगावचा टांगा स्टँड नावापुरता टिकून आहे.

त्या मुलीने पुढच्या रविवारी तीच चाचणी रस्टमध्ये लिहून आणली. पहिल्यांदा चालवली तेव्हा ती कोसळली, कारण कम्पायलरची आज्ञा तिने सगळ्या फ्लॅगांसह नीट रचली होती, पण शेवटचा 'रन' लिहायचा राहून गेला होता. रचलेली आज्ञा न चालवता टाकून दिली तर सहायक लायब्ररी मुद्दाम बोंब मारते. मेकफाइलीत आज्ञेची एखादी ओळ अशीच राहून गेली असती, तर चाचणी हिरवी दिसली असती.