फौजीच्या बदलीच्या अर्जावर सही बायकोची का असते?

पुण्यातल्या कुठल्याही आमदाराच्या जनसंपर्क कार्यालयात सकाळी दहाच्या सुमारास जाऊन बसा. ड्रेनेज तुंबलंय, सोसायटीला टँकर पुरत नाही, आरटीईत नंबर लागला नाही, दवाखान्यात बेड हवाय. अर्जांचा हा गठ्ठा ठरलेला. त्यात मधूनच एखादा वेगळा कागद निघतो. फुलस्केपवर वळणदार अक्षरात लिहिलेला, डावीकडे समास पाडलेला. "विषय : माझे पती यांची बदली पुणे येथे होणेबाबत." खाली पतीचा आर्मी नंबर, हुद्दा, युनिट आणि पत्ता म्हणून फक्त लष्करी टपालाचं "मार्फत ५६ एपीओ". कारण बहुधा आजारपणाचं : सासूबाईंचं डायलिसिस, मुलाची फिजिओथेरपी, स्वतःचं ऑपरेशन. सगळ्यात शेवटी, सहीच्या जरा वर, एक ओळ असते. "सदर अर्जाबाबत माझ्या पतींना कल्पना नाही."

ही ओळ शंभर टक्के खरी असतेच असं नाही. रात्री व्हिडिओ कॉलवर दोघांनी मिळूनच मजकूर ठरवलेला असतो. पण ती लिहावीच लागते, आणि तिच्यामागे सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

आधी पुणंच का, ते पाहू. विश्रांतवाडी, धानोरी, दिघी, खडकी, घोरपडी, वानवडी या पट्ट्यात फौजी कुटुंबं दाटीवाटीने राहतात. काही लष्करी क्वार्टर्समध्ये, बरीच भाड्याच्या वन बीएचकेत. सातारा, फलटण, जुन्नर, नगरकडचं गाव तीन-चार तासांवर, आर्मीच्या शाळा जवळ आणि मुख्य म्हणजे कमांड हॉस्पिटल. कृत्रिम अवयव केंद्रही १९४४ पासून इथेच. नवरा फील्डवर, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशा ठिकाणी, गेला की कुटुंबासाठी वेगळं क्वार्टर मिळू शकतं, पण त्याला रांग असते. तोवर नातेवाइकांच्या आधाराने पुण्यात राहायचं. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीच्या माळावर पेशव्यांची फौज हरली आणि त्याच वर्षी पुण्याची छावणी उभी राहू लागली. तेव्हापासून या शहराचा निम्मा नकाशा लष्कराने आखला आहे. 'लष्कर' हे तर इथे एका भागाचंच नाव आहे.

फौजेपासून कुटुंब लांब असणं ही गोष्ट मात्र तितकी जुनी नाही. मराठ्यांच्या फौजेबरोबर बायकामुलं, यात्रेकरू, बाजारबुणगे सगळेच चालत. १७६१ ला पानिपतावर त्याची काय किंमत मोजावी लागली हे शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं. कंपनी सरकारच्या मुंबई सैन्यातले शिपाईही छावणीच्या 'लाइनी'त बायकामुलांसह राहत. १८९५ साली मुंबई, मद्रास आणि बंगाल इलाख्यांची वेगळी सैन्यं मोडून एकच हिंदी सैन्य झालं. हुकूम एका ठिकाणाहून सुटू लागले आणि कोकणातला किंवा देशावरचा शिपाई पेशावरला की ब्रह्मदेशात, हे पार लांबच्या टेबलावर ठरू लागलं. घरच्यांनी गाऱ्हाणं घेऊन जायचं कुठे, हा प्रश्न इथून खरा सुरू होतो.

पण लोकप्रतिनिधीच्या दारात जाणारा पहिला ठळक अर्ज बदलीचा नव्हता, भरतीचा होता. १८९२ मध्ये महारांची सैन्यभरती बंद करणारा हुकूम निघाला. पिढ्यान्‌पिढ्या पलटणीत असलेली घरं एका कागदाने बाहेर पडली. १८ जानेवारी १९४३ ला न्यायमूर्ती रानड्यांच्या जयंतीनिमित्त पुण्यात गोखले स्मारक सभागृहात बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक आठवण सांगितली होती. वडिलांचे, म्हणजे सुभेदार रामजींचे, जुने कागद चाळताना त्यांना या हुकुमाविरुद्ध महार अंमलदारांनी सरकारला केलेल्या अर्जाची प्रत सापडली. चौकशी केल्यावर कळलं, की अर्जाचा मसुदा रानड्यांनी करून दिला होता.

रानडे तेव्हा न्यायखात्यात होते आणि मुंबईच्या कायदे कौन्सिलावर सरकारने त्यांना अनेकदा नेमलं होतं. आजच्या अर्थाने ते आमदार नव्हते, कोणाच्या मतांवर निवडून आले नव्हते. समोर अर्ज घेऊन आलेल्या सुभेदार-जमादारांना मतच नव्हतं. तरी रचना ओळखीची वाटते : एका बाजूला नियमाने अडलेला फौजी, दुसऱ्या बाजूला सरकारदरबारी वजन असलेला, इंग्रजीत नेमका मसुदा करू शकणारा माणूस. फरक एवढाच, की त्या अर्जाखाली नाव फौजींचं होतं. बायकोच्या नावाआड जायची गरज त्यांना वाटली नव्हती. पुढे १९१० मध्ये पुण्याच्याच शिवराम जानबा कांबळ्यांनी थेट लंडनच्या भारतमंत्र्याकडे अर्ज पाठवला. महार पलटण उभी राहायला पहिलं महायुद्ध यावं लागलं, ती १९२१ ला मोडली, आणि आजची महार रेजिमेंट १९४१ ची.

महायुद्धाने आणखी एक गोष्ट केली. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले ४६ जण त्या युद्धात गेले, म्हणून ते 'अपशिंगे मिलिटरी' झालं. अशा गावांत मागे राहिलेल्या बायका, म्हातारे आणि जमिनी यांचं काय, याचं उत्तर सरकारला शोधावं लागलं. भरतीसाठी नेमलेल्या मंडळाचं १९१९ मध्ये 'इंडियन सोल्जर्स बोर्ड' झालं. आजच्या केंद्रीय सैनिक बोर्डाचं मूळ ते. जिल्हा बोर्डाचा अध्यक्ष कलेक्टर. १९२५ मध्ये सैनिकांच्या दाव्यांबाबतचा कायदा आला : शिपाई नोकरीवर असताना त्याच्या पाठीमागे जमिनीचा खटला परस्पर निकालात निघू नये, यासाठी. ज्यांच्या शेजाऱ्याने बांध कोरलाय त्यांना या कायद्याचं मोल सांगायला नको. फौजीच्या घरच्या अडचणीची दखल घ्यायची, पण ती कलेक्टर ते कमांडिंग ऑफिसर या वाटेनेच, हे तेव्हाच ठरून गेलं. राजकारणी माणसाला त्या वाटेवर जागा नव्हती.

स्वातंत्र्यानंतर ही चौकट घट्टच झाली. संविधानाच्या अनुच्छेद ३३ ने सैन्यातल्या माणसांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेला दिला. १९५० च्या आर्मी ॲक्टमध्ये गाऱ्हाण्याची वाट कलम २६ आणि २७ मध्ये आखून दिली : जवानाने कंपनी कमांडरपासून वर जायचं, अधिकाऱ्याने सीओ, म्हणजे कमांडिंग ऑफिसर, यांच्यामार्फत केंद्र सरकारपर्यंत. बाहेरून वजन आणणं शिस्तीत बसत नाही. संरक्षण खात्याच्या सिव्हिलियन कर्मचाऱ्यांनाही ही सूट नाही, १९६४ च्या केंद्रीय वर्तणूक नियमांतला नियम २० तेच सांगतो. शिवाय संरक्षण हा विषय केंद्र सूचीत. म्हणजे आमदाराचा तर त्याच्याशी कागदोपत्री काडीचा संबंध नाही. खासदार निदान संरक्षणमंत्र्यांना पत्र लिहू शकतो.

हे सगळं ठाऊक असूनही महाराष्ट्रात लोक आमदाराकडेच का जातात? एक कारण मला १९६२ च्या नोव्हेंबरात दिसतं. चीन युद्धानंतर यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य घरोघर गेलं. चार वर्षं देशाचं संरक्षण खातं कऱ्हाडच्या माणसाच्या हाती होतं. १९९१ ते ९३ मध्ये ते बारामतीच्या शरद पवारांकडे आलं. गावच्या आमदारामार्फत 'साहेबां'पर्यंत कागद पोचतो, ही समजूत तेव्हा हवेतली नव्हती. खातं दुसऱ्याकडे गेलं, समजूत राहिली.

आणि मग सही. फौजीला बाहेरचं वजन आणायला मनाई आहे, पण त्याची बायको लष्करी कायद्याखाली येत नाही. ती साधी नागरिक आहे, आणि आपल्या लोकप्रतिनिधीकडे गाऱ्हाणं नेणं हा नागरिकाचा हक्क. म्हणून अर्ज तिच्या नावाने, नाहीतर आईच्या. युनिटमध्ये पत्र पोचलं की जवानाला बोलावून विचारलं जातं, की हे काय आहे? तेव्हा ती शेवटची ओळ कामाला येते. गावाकडे शिपायालाही 'मेजर' म्हणायची पद्धत आहे. त्या मेजरांना खऱ्या मेजरसमोर सावधान उभं राहून सांगावं लागतं, "साहब, घरवालों ने भेजा है, मुझे मालूम नहीं था."

यात न्यायालयाची वाट तरी मोकळी आहे का? सैन्यातल्या सेवाविषयक तक्रारींसाठी २००७ च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण आलं, मुंबईतही त्याचं खंडपीठ आहे. पण 'सेवाविषयक बाबीं'ची त्या कायद्यातली व्याख्या नीट वाचली, तर बदल्या आणि नेमणुका त्यातून स्पष्ट शब्दांत वगळल्या आहेत. रजासुद्धा. जवानाच्या घराला सर्वांत जास्त टोचणाऱ्या दोन्ही गोष्टी बाहेर. उच्च न्यायालय उरतं, पण सैन्यातल्या बदल्यांत न्यायालयांनी फारच जपून हात घालावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये मेजर जनरल जे. के. बन्सल प्रकरणात म्हटलंय. एकेक दार असं बंद होत गेलं, की उघडं दिसतं ते जनसंपर्क कार्यालयाचं.

तिथून पत्र जातं कुठे? सदर्न कमांडचं मुख्यालय पुण्यात आहे म्हणून बऱ्याच जणी तिकडे बोट दाखवतात. जवानाची बदली तिथे होत नाही. ती त्याच्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसातून होते. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, रणगाडा दलाचं नगरला. बॉम्बे सॅपर्सचं तेवढं खडकीत. आमदाराचं पत्र बहुतेकदा खासदाराच्या लेटरहेडवर चढून दिल्लीला जातं, तिथून उतरत उतरत रेकॉर्डला येतं, आणि रेकॉर्डवाले विचारतात ते युनिटलाच : जवानाने स्वतः अर्ज केलाय का? केला नसेल, तर सगळं मुसळ केरात. कंपॅशनेट ग्राउंडवरची, म्हणजे घरच्या अडचणीपायी होणारी, बदली किंवा निवृत्तीआधीची 'लास्ट लेग' पोस्टिंग, दोन्ही सीओच्या सहीनेच पुढे सरकतात.

मग आमदाराच्या पत्राचा उपयोग काय? माझ्या मते आहे, पण लोक समजतात तिथे नाही. घरची अडचण खरी आहे का, याची पडताळणी जिल्हा पातळीवर होते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, तहसीलदार, तलाठी, पोलीस पाटील. हे कागद अडले की अर्ज तिकडे बर्फात आणि इकडे टेबलावर, दोन्हीकडे गोठतो. आणि तलाठ्याच्या टेबलावर आमदाराचा फोन वाजतो, सीओच्या नाही.

दुसरी युक्ती जुन्या लोकांना पक्की माहीत : फौजी हलत नसेल तर बायकोला हलवा. बायको जिल्हा परिषदेची शिक्षिका किंवा नर्स असेल, तर तिची बदली राज्याच्या हातात. पती-पत्नीला शक्यतो एका ठिकाणी ठेवा, अशा सूचना केंद्रात १९८६ पासून आहेत. इथे एके काळी शिफारसपत्रांची चलती होती. राज्याचा बदल्यांचा कायदा २००५ चा, लागू १ जुलै २००६ पासून : साधारण तीन वर्षांची मुदत, बदल्या एप्रिल-मे मध्ये. त्यासाठी लढले अण्णा हजारे, म्हणजे एके काळचे लष्करातले ट्रक ड्रायव्हर. फौजीने मिळवलेला बदल्यांचा कायदा, ज्यात फौजीच बसत नाही! पुढे २७ फेब्रुवारी २०१७ च्या शासन निर्णयाने शिक्षकांच्या बदल्या ऑनलाइन गेल्या आणि जवानांच्या पत्नींना विशेष संवर्ग भाग १ मध्ये प्राधान्य मिळालं. तेव्हापासून त्या शिक्षिकांना आमदाराच्या दारात जायचं कारण बरंच कमी झालं. बाकीच्यांचं तसंच आहे.

मतांचा हिशेबही यात असतो, नाही कसा. फौजी आणि त्याच्याबरोबर राहणारी बायको सेवा मतदार म्हणून गावच्या यादीत. जिचं नाव तिथे, तिच्या मताचा पुण्याच्या आमदाराला उपयोग शून्य. २०१४ च्या लोकसभेआधी सर्वोच्च न्यायालयाने शांतता क्षेत्रातल्या, म्हणजे फील्डबाहेरच्या, जवानांना नेमणुकीच्या गावी मतदार होण्याची वाट मोकळी केली आणि छावणीच्या आसपासच्या इच्छुकांचे कान टवकारले. तरी अजूनही पीए पहिला प्रश्न विचारतो तो, "ताई, मतदान कुठंय तुमचं?"

मी पाहिलेल्या एका अर्जात सगळं चोख होतं. हॉस्पिटलचे रिपोर्ट, युनिटचं पत्र, सासूबाईंचा आधार. पडताळणीत एकच खोट निघाली होती : घरात सांभाळणारं दुसरं कोणी नाही असं लिहिलेलं, आणि रेशनकार्डावर धाकट्या दिराचं नाव. दीर लग्नानंतर सहा वर्षं चाकणला वेगळा राहतो, पण कार्ड कोणी वेगळं केलंच नव्हतं. पीएने कागद उलटसुलट पाहिले, लेटरहेडचं पॅड पुन्हा खणात ठेवलं आणि तहसीलच्या पुरवठा शाखेतल्या क्लार्कचा नंबर एका चिठ्ठीवर लिहून दिला.

"आधी कार्ड विभक्त करून आणा. दिल्लीचं पत्र मग बघू."