आठ स्पीकर, एकच घड्याळ

1977 साली अवकाशात निघालेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे आणि तिच्यात फोंडा तालुक्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. तबकडीची खाच म्हणजे आवाजाची लाटच असते. सूर जसा हलला तशी खाच वळली. आज तीच भैरवी आपण मोबाइलवर लावतो तेव्हा आत लाट कुठेच नसते, नुसते आकडे असतात. सीडीच्या ध्वनीत सेकंदाला 44,100, नाटक-सिनेमाच्या यंत्रणेत बहुधा 48,000. पण आकड्यांनी स्पीकरचा पडदा हलत नाही. त्याला विजेचा चढउतार लागतो, आणि आकड्यांमधून तो चढउतार घडवणाऱ्या चिपला डॅक म्हणतात, म्हणजे डिजिटल-टू-अ‍ॅनालॉग कन्व्हर्टर.

गोव्यात जत्रेच्या रात्री देवळापुढच्या रंगमंचावर संगीत नाटक रंगतं, तेव्हा आवाज मिसळून वाटून देणाऱ्या डिजिटल मिक्सरला एकाच वेळी कितीतरी वाटांनी आवाज सोडावा लागतो. प्रेक्षकांसाठी डावा-उजवा, गायक नटासमोरचा मॉनिटर (त्याचा आवाज त्यालाच ऐकवणारा स्पीकर), ऑर्गन आणि तबल्याच्या साथीदारांसाठी वेगळा, मागे दूर बसलेल्यांसाठी आणखी दोन. प्रत्येक वाटेला स्वतंत्र डॅक हवा. म्हणून अनेकदा आठ डॅक एकाच चिपमध्ये बसवलेले असतात. ही चिप बोटाच्या नखाएवढी असते.

आठही वाटांचे आकडे तिच्याकडे बहुतेक वेळा एकाच तारेवरून, ओळीने येतात. दर सेकंदाच्या 48,000 व्या भागात एक फेरी, फेरीत आठ खण, प्रत्येक खणात 32 बिट (एक बिट म्हणजे एक 0 किंवा 1). म्हणजे फेरीला 256 बिट आणि सेकंदाला 1,22,88,000. फेरी कुठे सुरू झाली ते दुसरी तार सांगते, आणि प्रत्येक बिट कधी वाचायचा ते तिसरी. चिप आपापल्या खणातला आकडा ज्याच्या त्याच्या डॅककडे देते.

खरी करामत इथून पुढे आहे. खण 32 बिटांचा असला तरी आकडा बहुधा 24 बिटांचा असतो, आणि 24 बिटांत 1,67,77,216 वेगवेगळे आकडे मावतात. प्रत्येकासाठी विजेच्या दाबाची वेगळी पायरी करायची, तर एकेक पायरी मायक्रोव्होल्टच्याही (व्होल्टच्या दहा लाखाव्या भागाच्याही) आत येते. रेझिस्टरांच्या, म्हणजे विजेला अडवणाऱ्या भागांच्या, शिडीने असे डॅक बनवत असत, अजूनही बनतात; पण एवढ्या बारीक पायऱ्या सारख्या उंचीच्या ठेवायच्या तर रेझिस्टर अशक्य वाटावेत इतके काटेकोर लागतात. त्याऐवजी एक वेगळाच रस्ता आहे, डेल्टा-सिग्मा. त्यावरचा पायाभूत निबंध टोकियो विद्यापीठातल्या इनोसे, यासुदा आणि मुराकामी यांनी 1962 साली मांडला.

समजा, पोदेराकडून, म्हणजे गोव्यातल्या पाववाल्याकडून, तुम्ही रोज तीन रुपयांचा पाव घेता आणि तुमच्याकडे फक्त दहाच्या नोटा आहेत. पहिल्या दिवशी काही देत नाही, तीन रुपये बाकी. मग सहा, मग नऊ. चौथ्या दिवशी बाकी बारा होते, तुम्ही दहाची नोट देता, दोन उरतात. पुढची नोट सातव्या दिवशी, त्यानंतरची दहाव्या. दहा दिवसांत तीन नोटा गेल्या आणि हिशेब पैशालाही चुकला नाही. डेल्टा-सिग्मा हेच करतो. 0.3 हा दाब हवा असेल तर तो 0, 0, 0, 1, 0, 0, 1, 0, 0, 1 असे ठोके सोडतो. त्याच्याजवळ पायऱ्या दोनच आहेत, पण सरासरी नेमकी 0.3 निघते, कारण प्रत्येक ठोक्यातली चूक पुढच्या हिशेबात धरलेली असते.

यासाठी ठोके पुष्कळ लागतात. म्हणून डॅक आधी दोन आकड्यांच्या मधल्या जागा गणिताने भरून घेतो आणि वेग वाढवतो. 128 पट केला तर सेकंदाला 61,44,000 ठोके होतात. दोनच पायऱ्या असल्यामुळे उरणारी खरखर त्याने नाहीशी होत नाही, पण ती वरच्या कंपनसंख्यांकडे ढकलली जाते. माणसाचा कान 20,000 हर्ट्झच्या वर ऐकत नाही. चिपनंतरचे काही रेझिस्टर आणि कपॅसिटर ती वरची खरखर गाळून टाकतात आणि मागे राहतो तो सूर. आजच्या चांगल्या चिप्स दोनऐवजी थोड्या जास्त पायऱ्या वापरतात, आणि त्यांतला लहानमोठेपणा एकाच जागी साचू नये म्हणून त्यांची पाळी सतत बदलत ठेवतात. मला या सगळ्यात हाच भाग सर्वांत देखणा वाटतो.

याची किंमत एकच: वेळ चुकता कामा नये. दाबाची अचूकता आपण वेळेच्या अचूकतेवर सोपवली, तर ठोक्यांची वेळ ठरवणारं घड्याळ थोडंही डगमगलं की ठोके पुढेमागे होतात आणि स्वच्छ सुरात भेसळ शिरते. आठ डॅक एका चिपमध्ये ठेवण्याचं मोठं कारण हेच. आठांनाही एकच घड्याळ मिळतं. 48,000 च्या वेगाला एका आकड्याचा वेळ म्हणजे 20.8 मायक्रोसेकंद, तेवढ्यात उबदार हवेत आवाज सुमारे 7 मिलिमीटर जातो. हे अंतर क्षुल्लक वाटेल, पण दोन कानांना मिळणाऱ्या आवाजातला साधारण 10 मायक्रोसेकंदांचा फरकही अनुकूल परिस्थितीत आपल्याला कळतो. इतर खुणांबरोबर त्यावरूनही आवाज कुठून आला ते आपण ओळखतो.

मागच्या स्पीकरना मिक्सर मुद्दाम उशिरा बोलायला लावतो. ते मंचापासून 35 मीटरवर असतील तर सुमारे दशांश सेकंद, म्हणजे मंचावरून निघालेला आवाज आणि तिथला आवाज एकत्रच पोहोचतात. हा हिशेब आकड्यांमध्येच, डॅकच्या आधी होतो. आठही डॅकना लागणारा वेळ तंतोतंत सारखा असेल तरच तो खरा ठरतो.

खोक्यावर छापलेल्या 32 बिटांनी भुलू नये. बहुतेक चांगल्या चिप्समध्ये सर्वांत मोठ्या आणि सर्वांत क्षीण आवाजातलं अंतर 110 ते 120 डेसिबल असतं. एका बिटाला सुमारे 6 डेसिबल धरले तर ते साधारण 18 ते 20 बिटांएवढंच होतं; बाकीचे बिट रेझिस्टरांच्या स्वतःच्या उष्णतेच्या खरखरीत बुडून जातात. जनरेटरवर चालणाऱ्या जत्रेच्या मांडवात 20 बिटही पुरून उरतात. तिथे पैसे स्थिर पुरवठा आणि नीट अर्थिंग यांवर घालावेत, कारण पुरवठ्यातली घरघर थेट डॅकच्या ठोक्यांच्या उंचीत मिसळते, आणि गाळणीला ती सुरापासून वेगळी ओळखता येत नाही.