शांतिसेना होती तर रणगाडे कशाला? श्रीलंकेतल्या त्या 32 महिन्यांची पार्श्वभूमी

बाबा वागळे इस्टेटला एका कंपनीत होते, संध्याकाळी घरी आले की आधी पेपर मग चहा. भारताने श्रीलंकेत शांतिसेना पाठवली त्या 1987 ची दिवाळी, आम्ही तेव्हा नौपाड्यात चाळीत राहायचो, मी पाचवीत. फराळाचं ताट समोर आणि बाबांनी पेपर खाली ठेवून आईला विचारलं, "अगं ही शांतिसेना आहे ना, मग रणगाडे कशाला नेलेत?" आई म्हणाली उद्या रॉकेलच्या लाइनीत कोण उभं राहणारे ते आधी सांगा. विषय संपला. पण बाबा पक्के पंजावाले, राजीव गांधी म्हणजे त्यांचा जीव की प्राण, त्यांच्या तोंडून असा प्रश्न आला म्हणून तो माझ्या डोक्यात राहून गेला.

आता मी नेरूळला असतो. आमच्या बिल्डिंगमध्ये साताऱ्याकडचे एक काका आहेत, रिटायर्ड हवालदार, ते त्या वेळी शांतिसेनेत तिकडे होते, श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या त्रिंकोमालीला. झेंडावंदनानंतर वडापाव खाताना मी सहज विचारलं की काका आपण तिकडे नक्की गेलो कशासाठी होतो. ते म्हणाले, "आम्हाला सांगितलं तमिळ लोकांना वाचवायला चाललोय. उतरलो तर बायकांनी हार घातले. आणि दोन महिन्यांनी त्यांच्याच पोरांशी लढत होतो. तू वाचतोस ना एवढं, तूच सांग कशासाठी." म्हणून हे सगळं लिहायला बसलो.

सुरुवात श्रीलंकेच्या घरच्याच भांडणापासून. 1948 ला स्वातंत्र्य मिळालं, लगेच मळ्यांवरच्या भारतीय वंशाच्या तमिळ मजुरांचं नागरिकत्व गेलं, 1956 ला फक्त सिंहली ही राजभाषा असा कायदा आला, तमिळ पोरांना नोकऱ्या आणि कॉलेजच्या सीट मिळेनात, आणि तिथून पुढे हळूहळू बंदुका. 23 जुलै 1983 ला उत्तरेतल्या तमिळ भागात, जाफन्याजवळ, प्रभाकरन या तमिळ बंडखोर नेत्याच्या लोकांनी घात लावून 13 सैनिक मारले आणि त्यानंतर कोलंबोत तमिळांची जी कत्तल झाली, घरं दुकानं जाळली, त्याला आजही काळा जुलै म्हणतात. लाखभर निर्वासित समुद्र ओलांडून तामिळनाडूत आले. आता तिकडे एवढं पेटल्यावर दिल्ली गप्प बसणं शक्यच नव्हतं, हे मला मान्य आहे.

पण दिल्लीने केलं काय, तर एकीकडे मध्यस्थी आणि दुसरीकडे गुपचूप ट्रेनिंग. 1983 नंतर इंदिरा गांधींच्या काळात रॉ या आपल्या गुप्तहेर संघटनेने तमिळ बंडखोर गटांना भारतात कॅम्पात शिकवलं, हत्यारं दिली. लिट्टे, म्हणजे प्रभाकरनची संघटना, त्यातलीच एक (पेपरात एलटीटीई छापायचे, पण आमच्याकडे सगळे लिट्टेच म्हणायचे). चेन्नईत, म्हणजे तेव्हाच्या मद्रासला, मुख्यमंत्री एमजीआर प्रभाकरनला उघड मदत करत होते. यातलं काहीही तेव्हा सरकारने आपल्याला सांगितलं नव्हतं, उलट असे कॅम्प नाहीतच हे सरकारचं अधिकृत म्हणणं. म्हणजे ज्या पोरांशी काका लढले त्यातल्या काहींना बंदूक धरायला आपणच शिकवलं होतं. हे वाक्य टाइप करतानाही कसंतरी होतं.

1987 च्या मे मध्ये श्रीलंकेच्या सैन्याने जाफना द्वीपकल्पावर मोठी चढाई केली. भारताने 3 जूनला मदतसामानाच्या बोटी पाठवल्या, त्या त्यांच्या नौदलाने परत लावल्या. दुसऱ्याच दिवशी 4 जूनला बंगलोरहून एएन-32 विमानं उडाली, सोबत मिराज फायटर, आणि जाफन्यावर सुमारे 25 टन धान्य औषधं पॅराशूटने टाकली. ऑपरेशन पूमालै, म्हणजे फुलांची माळ. दुसऱ्या देशाच्या हद्दीत न विचारता विमानं घुसवली, वर नाव फुलांची माळ. कोलंबोला जो मेसेज जायचा तो गेला आणि आठ आठवड्यांत करार झाला.

29 जुलै 1987, कोलंबो, राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांच्या सह्या. शहरात दंगल, कर्फ्यू. दुसऱ्या दिवशी मानवंदना घेताना श्रीलंकेच्या नौदलाच्या एका सैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारला, ते वाकले म्हणून वाचले, तो फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. करार मात्र फार थोड्यांनी वाचलाय, आणि माझ्या मते खरी गंमत तिथेच आहे.

मुख्य करारात तमिळ भागाला प्रांतीय अधिकार, उत्तर आणि पूर्व एकत्र, तमिळलाही राजभाषेचा दर्जा, 72 तासांत हत्यारं खाली. ठीक. सैन्याचा उल्लेख जोडपत्रात आहे, की गरज पडली तर श्रीलंकेचे अध्यक्ष भारतीय शांतता पथकाला बोलवू शकतील. आणि त्याच दिवशी दोघांनी एकमेकांना पत्रं दिली, त्यात तमिळांचा प्रश्न बाजूलाच राहतो. त्रिंकोमाली किंवा कुठलंही बंदर भारताच्या हिताविरुद्ध कोणाला लष्करी वापरासाठी द्यायचं नाही. त्रिंकोमालीच्या तेलाच्या टाक्या भारतासोबत मिळून चालवायच्या. परदेशी रेडिओ केंद्रांचा करार तपासायचा, म्हणजे रोख व्हॉइस ऑफ अमेरिकावर. परदेशी लष्करी आणि गुप्तहेर माणसं ठेवायची की नाही यावर समजूत करायची, म्हणजे पाकिस्तानी, इस्रायली वगैरे.

आता मला सांगा, आपण तमिळांसाठी गेलो की बंदरासाठी?

मी स्वतः न्हावाशेवाला क्लिअरिंगच्या कामात आहे, त्यामुळे बंदर म्हणजे काय हे मला कोणी समजावून सांगायला नको. आमचा निम्मा वैताग "वाया कोलंबो" या दोन शब्दांचा आहे, माल तिथे उतरतो आणि मग मोठ्या जहाजात चढतो. त्रिंकोमाली तर त्याहून भारी, जगातल्या मोठ्या नैसर्गिक बंदरांपैकी एक, इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास तिथे तेलाच्या टाक्या बांधून ठेवलेल्या, त्यातल्या 99 उरल्यात. तिथे दुसऱ्या कोणाचं नौदल बसू नये असं दिल्लीला वाटलं तर त्यात काही चूक नाही, कुठल्याही सरकारला वाटेल. माझी तक्रार कारणाबद्दल नाही, न सांगण्याबद्दल आहे. पेपरात मदत, शांतता, भाऊबंद. पत्रात बंदर, टाक्या, रेडिओ. मरणारा जवान पेपरातल्या कारणासाठी मेला.

जयवर्धनेंचंही स्वतःचं गणित होतं, हे आपल्याकडे फार कोणी बोलत नाही. दक्षिणेत जेव्हीपी या सिंहली डाव्या संघटनेचं बंड पेटत होतं. भारतीय फौज उत्तरेत उतरली आणि त्यांचं सैन्य दक्षिणेसाठी मोकळं झालं. म्हणजे म्हातारा आपल्याला बरोबर वापरून गेला.

आणि घरची बाजू. एप्रिल 1987 मध्ये स्वीडिश रेडिओने बोफोर्स तोफांच्या लाचेचं प्रकरण फोडलं, त्याच महिन्यात व्ही. पी. सिंग मंत्रिमंडळातून बाहेर पडले, जूनमध्ये हरियाणात काँग्रेस सपाटून हरली. जुलैमध्ये करार. तेव्हा नाक्यानाक्यावर लोक म्हणायचे की बोफोर्सवरचं लक्ष उडवायला हे केलं. मला हे पूर्ण पटत नाही, कारण लंकेचं प्रकरण चार वर्षं शिजत होतं, एका घोटाळ्यासाठी उभं केलेलं नव्हतं. पण घाई कुठून आली, लिट्टेची सही नसताना लिट्टेची हत्यारं खाली ठेवण्याची हमी आपण कशी काय घेतली, याचं उत्तर शोधताना तो उन्हाळा विसरता येत नाही एवढंच.

कारण प्रभाकरनने सही केलीच नव्हती. 4 ऑगस्टला सुथुमलैच्या सभेत त्याने सांगितलं की भारतासारख्या मोठ्या ताकदीपुढे इलाज नाही, हत्यारं त्यांच्या हाती देतोय, पण तमिळ ईलम, म्हणजे स्वतंत्र तमिळ देशाची मागणी, सोडलेली नाही. दिल्लीने पहिला भाग ऐकला. सप्टेंबरमध्ये थिलीपन नावाचा लिट्टेचा एक पोरगा पाणीही न घेता उपोषणाला बसला आणि 26 तारखेला गेला, गांधींच्या देशाच्या फौजेसमोर उपोषणात गेला. 5 ऑक्टोबरला श्रीलंकेच्या ताब्यातले लिट्टेचे 12 जण, त्यात दोन बडे कमांडर, सायनाइड खाऊन गेले कारण त्यांना कोलंबोला नेणार होते. आठवडाभरात ऑपरेशन पवन सुरू, म्हणजे लिट्टेच्या हातून जाफना घ्यायची आपल्या फौजेची मोहीम.

जाफना युनिव्हर्सिटीत हेलिकॉप्टरने उतरून प्रभाकरनला पकडायचं ठरलं. लिट्टेला आधीच कळलं होतं. 13 शीख लाइट इन्फंट्रीचे 30 जण उतरले, 29 गेले, एक जिवंत सापडला. मग बाबांचे ते रणगाडे. आणि ज्या दिवाळीत आम्ही चिवडा खात होतो त्याच दिवाळीत, 21 आणि 22 ऑक्टोबरला, जाफन्याच्या हॉस्पिटलात पेशंट, डॉक्टर, नर्सेस मिळून साठच्या वर माणसं मारली गेली. फौजेचं म्हणणं की आतून गोळीबार झाला, वाचलेल्यांचं म्हणणं की आत हत्यारबंद कोणी उरलंच नव्हतं. हे आपल्या पाचवीच्या काय बारावीच्या पुस्तकातही येत नाही. काकांना मी याबद्दल विचारलं नाही. ते जाफन्यात नव्हते, आणि असते तरी माझी हिंमत झाली नसती.

उलट बाजूही तितकीच खरी. मेजर रामस्वामी परमेश्वरन, मुंबईत वाढलेले, सायनच्या एसआयईएसमध्ये शिकलेले (त्याच संस्थेचं मोठं कॉलेज आमच्या नेरूळला आहे, पोरं रोज गेटवर सेल्फी काढतात), 8 महार बटालियन. 25 नोव्हेंबर 1987 च्या रात्री दबा धरून झालेल्या हल्ल्यात छातीत गोळी लागलेली असताना समोरच्याची रायफल हिसकावून त्याला मारलं आणि मरेपर्यंत ऑर्डर देत राहिले. परमवीर चक्र. सरकारच्या हेतूवर शंका घेतली की लगेच "जवानांचा अपमान" म्हणणारे असतात, त्यांना मला एवढंच विचारायचंय की परमेश्वरन यांना नक्की कशासाठी पाठवलं होतं हे विचारण्यात त्यांचा कुठला अपमान झाला?

दीक्षित, जे तेव्हा कोलंबोत आपले हाय कमिशनर होते, त्यांनी नंतर लिहिलंय की लष्करप्रमुख सुंदरजींचा अंदाज काही आठवड्यांत लिट्टे आटोपेल असा होता. लागले 32 महिने. मध्ये फौज सत्तर हजारांच्या पुढे गेली, सुमारे 1,200 जवान गेले, जखमी त्याच्या दुपटीहून जास्त. 1989 ला प्रेमदासा अध्यक्ष झाले, त्यांनी चालते व्हा सांगितलं आणि वर भारतीय फौजेशी लढायला लिट्टेलाच हत्यारं पुरवली. दिल्लीत व्ही. पी. सिंग आले, 24 मार्च 1990 ला त्रिंकोमालीहून शेवटची तुकडी निघाली. मद्रासला उतरली तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत, आपल्याच तमिळांना मारून आलेल्या फौजेचं स्वागत कसं करू, असं त्यांचं म्हणणं. 21 मे 1991 ला श्रीपेरुंबुदूरला लिट्टेच्या मानवी बॉम्बने राजीव गांधी गेले. 1 मे 1993 ला प्रेमदासाही तसेच गेले.

मग हिशोब झाला का? राजीव गांधींच्या हत्येवर आयोग बसले, जैन आयोगाच्या अहवालाने तर 1997 ला गुजराल सरकार पाडलं. कारगिलनंतर समिती बसली आणि तिचा अहवाल संसदेत आला. पण सैन्य लंकेत पाठवायचा निर्णय कोणी, कुठल्या कागदावर, काय धरून घेतला, यावर तसा उघड अहवाल नाही. दीक्षितांनी लिहिलं, दीपिंदर सिंग, हरकिरत सिंग, सरदेशपांडे या जनरलांनी लिहिलं, सगळं रिटायर झाल्यावर आणि बरंचसं एकमेकांवर ढकलणारं. ब्रिटनने इराक युद्धासाठी चिलकॉट चौकशी नेमली, सात वर्षं लावली पण 2016 ला 12 खंड छापून बाहेर काढले की बाबांनो शांततेचे मार्ग संपायच्या आधीच आपण युद्धात उतरलो. आपल्याकडे तर फौज बाहेर पाठवायला संसदेत मत घ्यायची सक्तीही घटनेत नाही, युद्ध आणि शांतता हा केंद्राचा विषय आणि निर्णय मंत्रिमंडळाचा.

एकदा मात्र आपण थांबलो. 2003 ला अमेरिकेने इराकमध्ये एक डिव्हिजन पाठवा म्हणून गळ घातली होती. संसदेने एप्रिलमध्येच इराकवरच्या हल्ल्याविरुद्ध ठराव केलेला, हिंदीत "निंदा", आणि त्यावर शब्दाशब्दाला किस पाडलेला. सरकारच्या आतूनच फौज पाठवावी म्हणणारेही होते. 14 जुलैला वाजपेयी सरकारने सांगितलं, युनोचा स्पष्ट आदेश असल्याशिवाय नाही. मला कायम वाटतं की त्या निर्णयामागे जाफना होतं, कोणी बोललं असो वा नसो.

हे सगळं मी काकांना लिफ्टची वाट बघत सांगितलं, तेलाच्या टाक्यांपर्यंत आलो तेव्हा ते एकदम म्हणाले, "अरे त्या टाक्यांवर मी ड्युटी केलीय. झाडी एवढी की साप निघायचे. त्यांचं काय झालं शेवटी?" मी सांगितलं की 2022 च्या जानेवारीत करार झाला, 14 टाक्या इंडियन ऑइलच्या तिकडच्या कंपनीकडे, 61 दोघांच्या भागीत.

"99 मधल्या?"

"हो. 24 त्यांच्याकडेच."

काकांनी मनात बेरीज केली बहुतेक. लिफ्ट आली, ते आत गेले, आणि दार बंद होताना विचारलं, "यावेळी फौज नव्हती ना गेली?"