वैषम्य आणि नैर्घृण्य: देवावरचे दोन वेगळे आरोप

'देव असं का करतो?' या एका प्रश्नात दोन तक्रारी मिसळलेल्या असतात. शेजारच्याचं पीक तरारलं आणि माझंच का करपलं, ही पहिली. मुळात कुणाचंही पीक करपावंच का, ही दुसरी. वेदान्ताच्या मूळ ग्रंथात, ब्रह्मसूत्रांत (2.1.34), दोन्हींना वेगळी नावं आहेत. पहिली वैषम्य, म्हणजे पक्षपात. दुसरी नैर्घृण्य, म्हणजे निर्दयपणा. ओळखायची खूण सोपी आहे. वैषम्याच्या तक्रारीत तुलनेला दुसरा कुणीतरी लागतो. सगळेच सारखे दुःखी झाले तर वैषम्य संपेल, नैर्घृण्य तसंच उरेल.

सूत्राचं उत्तर एका शब्दात आहे: सापेक्षत्व. देव जीवाच्या कर्माकडे पाहून फळ देतो. शंकराचार्य पावसाचा दाखला देतात. पाऊस सगळीकडे तोच, पण कुठे भात उगवतो, कुठे जव, फरक बियाण्याचा. मग अगदी पहिल्या सृष्टीच्या वेळी, कर्मच नसताना, फरक कुठून आला? पुढचं सूत्र म्हणतं, संसार अनादी आहे. बी आणि अंकुरासारखा, त्यात पहिलं असं काही नाही.

पक्षपाताची तक्रार याने बरीचशी मिटते. निर्दयपणाची मात्र मिटत नाही, असं आमचं मत. कर्म जड, म्हणजे अचेतन आहे, फळ देणारा देवच आहे, मग तो कधी हात का आखडत नाही? नेमकी इथेच गफलत होते. मूल गमावलेल्या आईला 'प्रारब्धाचे भोग' म्हणून सांगितलं जातं. तिने हिशेब मागितलेलाच नसतो.

भागवताचा सातवा स्कंध वैषम्याच्या प्रश्नानेच सुरू होतो. परीक्षित विचारतो, सर्वांना सम असलेल्या भगवंताने इंद्रासाठी दैत्यांना 'विषमो यथा', पक्षपाती असल्यासारखं, का मारलं? उत्तरात नारदाचं म्हणणं येतं: गोपी कामाने, कंस भयाने, शिशुपाल द्वेषाने त्याच्यापर्यंतच पोचले. शिशुपाल-दंतवक्त्र हे विष्णूचे शापित द्वारपाल जय-विजय, शाप तीन जन्मांचा, आणि हा त्यांचा तिसरा जन्म. म्हणजे वध हीच सुटका. इथे नैर्घृण्यालाही उत्तर मिळतं.

मग भक्तावरच कृपा, हा पक्षपात नव्हे? गीतेत (9.29) 'समोऽहं सर्वभूतेषु' म्हटल्यावर लगेच भक्त वेगळे काढले आहेत. शंकराचार्य तिथे विस्तवाचा दाखला देतात: जवळ येईल त्याची थंडी जाते, लांबच्याची नाही. पण ज्याच्या पायांत जवळ यायचंही बळ नाही, त्याचं काय? वारकरी संत तिथे विस्तव सोडून माउली म्हणतात, वासराकडे धावणारी गाय म्हणतात.